जावयाच्या वाट्याची घागर

वामनरावांनी लेकीला दसऱ्यालाच शब्द दिला होता, "दिवाळीले जावई आले की मी बोलतो त्याहिच्याशी. तू चिंता नोको करू." आकांक्षाला धारणीजवळच्या उपकेंद्रात नर्सची नोकरी लागली होती आणि भाऊबीजेनंतरच्या सोमवारी रुजू व्हायचं होतं. तिचा नवरा, अकोल्याच्या जुन्या शहरातले कुलदीपराव, यांचा एकच सवाल : ही गेली तर घरचं पाणी कोण भरणार? त्यांच्या गल्लीत नळ चौथ्या दिवशी यायचा. आता भाऊबीजही झाली, रविवारची दुपार आली, आणि अमरावतीच्या या सासऱ्याने जावयाशी कापूस, थंडी आणि अनारसे एवढ्याच विषयांवर बोलून घेतलं होतं. लेकीचं नाव काढलं की त्यांना नेमका खोकला यायचा.

शेवटी आकांक्षाने बॅगेतून एक खोका काढला. दिवाळीचा खेळ होता, एका जुन्या नावाजलेल्या कादंबरीवर बेतलेला. ऐन दिवाळीत एक पाणक्या सोडून घरातले सगळे नोकर निघून जातात आणि दिवेलागणीच्या आत उरलेल्यांनाच सगळं उरकावं लागतं, अशी ती गोष्ट.

"याच्यात कोनी कोनाले हरवत नाही," ती म्हणाली. "जिंकलो तं सारे, हरलो तं सारे."

"मंग मजा काय?" कुलदीपरावांनी विचारलं.

"मजा नाही. मिळून कामं कराची सवय व्हाची."

चिठ्ठ्या काढल्या. वामनराव मालक झाले, त्यांच्या पत्नी पार्वताबाई मालकीण, आकांक्षा वाती वळणारी आत्या. कुलदीपरावांच्या चिठ्ठीवर खांद्यावर घागर घेतलेला पाणक्या निघाला. वामनरावांचं तोंड एवढंसं झालं.

"हे कसं काय? जावयाले पानी भराले लावता? लोक काय म्हनतीन?"

"बाबा, इथं आपन चौघंच आहो."

"चिठ्ठी बदल."

"बदलता येत नाही. पानी पानक्यानंच आनाचं. दुसऱ्यानं आनलं तं एका घागरीमांगं दिव्याचं दोन मापं तेल जाते."

"जाऊ दे. मी आनतो."

झालं. घरचा मालक पहिल्याच डावाला विहिरीवर गेला. दुसऱ्या डावाला मालकीणबाई गेल्या, कारण नवऱ्याचा गुडघा दुखतो. पटावरच्या सोंगटीचा गुडघा कसा दुखेल, हे त्यांना विचारायची सोय नव्हती. जावयाची सोंगटी विहिरीशेजारी आरामात उभी होती आणि खुद्द जावयापुढे चिवड्याची दुसरी ताटली आली होती.

"आई, तेल संपून राहिलं," आकांक्षा म्हणाली.

"संपू दे वो. जावई काय रोज येतात?"

तेल खरंच संपलं. सडा घालायला एक घागर तेवढी बाकी होती, डाव शेवटचा होता आणि पाळी कुलदीपरावांची. सोंगटी फक्त एक घर सरकवायची होती.

"अहो, एकच घागर हाय," आकांक्षा हळूच म्हणाली. "उचला नं."

आणि खोटं कशाला सांगायचं, कुलदीपरावांचा हात पुढे आला. चिवडा संपला होता, खेळात थोडा जीवही लागला होता. "आन इकडे, मी भरतो," ते म्हणाले. लग्नाला दोन वर्षं झाली होती. या माणसाच्या तोंडून हे वाक्य आकांक्षा पहिल्यांदा ऐकत होती.

वामनरावांनी तो हात वरच्यावर धरला. "नाही जावईबुवा. माह्या घरी तुमी पान्याले हात नाही लावाचा." त्यांनी हात सोडला तेव्हा खेळातल्या वाळूच्या घड्याळातली सगळी वाळू खाली गेली होती. सगळे हरले.

कुलदीपराव मागे रेलून बसले. "पाहा मामाजी. तुमच्या घरी खेळातली घागरबी मी उचललेली तुमाले चालत नाही. मंग माह्या घरची खरी घागर मी काहून उचलू? आता तुमीच सांगा, हिनं धारणीले जावं का?"

दसऱ्यापासून ज्या घडीची वाट पाहिली ती अशी आयती समोर आली होती. आकांक्षा बापाकडे पाहत राहिली. वामनराव खोकले.

"बराबर हाय तुमचं," ते म्हणाले.

तिला त्या वेळी नवऱ्यापेक्षा बापाचा राग जास्त आला. तिने सोंगट्या गोळा करून खोक्यात भरल्या.

सोमवारी सकाळी कुलदीपराव आंघोळीला गेले तेव्हा ती बॅग घेऊन ओसरीत आली. "बाबा, मी निघतो. परतवाड्याची गाडी हाय, तिथून धारणी."

"आन जावई?"

"ते इथंच राहतीन. अकोल्याचं दुकान त्याहिचा भाऊ पाहते. पानी कोन भरन, एवढाच त्याहिचा सवाल होता. इथं त्याहिले कोनी घागरीले हात लावू देत नाही. मान ठेवा त्याहिचा."

"पन किती दिवस?"

"तुमी त्याहिले जा म्हनसान तवापर्यंत."

बायकोने लावलेली ही सोय पाहून कुलदीपराव आधी भडकले, मग जेवले, मग राहिले. अकोल्याला जाऊन पाणी भरण्यापेक्षा हे बरं होतं. बघता बघता तीन आठवडे झाले. आकांक्षाचा फोन यायचा, ती सुखात होती.

त्या दिवशी नळ आला तेव्हा वामनराव गुडघ्याला पट्टा बांधून टाकी भरत होते. कुलदीपराव ओसरीत खुर्ची टाकून पेपर वाचत होते. अकराव्या घागरीला वामनरावांना कळ आली आणि ते भिंत धरून उभे राहिले.

"आता तरी सांगा त्याहिले," पार्वताबाई आतून कुजबुजल्या. "एवढी एक घागर उचला म्हना."

वामनरावांनी घसा खाकरला. कुलदीपरावांनी पेपर खाली केला.

"जावईबुवा," वामनराव म्हणाले, "चहा घेता का?"