लिमये सरांची इरजिक

भारतीय ज्ञान परंपरा शिकवायला मी जन्मालाच आलोय, असं मी प्राचार्यांना ठणकावून सांगितलं तेव्हा माझं पूर्वायुष्य लोणावळ्याच्या आमच्या कॉलेजात ताळेबंद जुळवण्यात गेलेलं होतं. पण नव्या अभ्यासक्रमात कॉमर्सचे तास कापले गेले आणि माझा वर्कलोड उन्हाळ्यातल्या इंद्रायणीसारखा आटला. वर्कलोड नाही म्हणजे बदली. संस्थेचं दुसरं कॉलेज थेट जालन्याकडे! त्याच वेळी हा विषय सक्तीचा झाला. सगळ्या शाखांच्या मुलांना. शिकवायला कुणी नव्हतं. मी हात वर केला.

"लिमये, जमेल ना?" प्राचार्या राजेश्वरी मॅडमनी चष्म्यावरून पाहिलं. "क्षेत्रभेट बघायला मी स्वतः येणार. ती बरी झाली तर तास तुमचे. नाहीतर जालन्याची हवा चांगली आहे म्हणतात."

"मॅडम, भेट अशी होईल की तुम्ही चाटच पडाल!"

त्या पडल्याच, पण कशा ते ऐका.

बाकीचे लोक मुलांना लेणी दाखवतात, वडापाव खायला घालतात आणि परत आणतात. मला जिवंत परंपरा हवी होती! पुस्तकं चाळताना इरजिक सापडली. एका शेतकऱ्याच्या शेतावर सगळा गाव जमतो, गात-हसत एका दिवसात काम उरकतो, मजुरी कुणी घेत नाही. वा! मी लगेच स्लाइड केली. व्याख्येचं शेवटचं वाक्य काही केल्या मावेना, म्हणून ते काढून टाकलं आणि तिथे बैलजोडीचं चित्र घातलं. छान दिसलं.

मग वडिवळ्याच्या कोंडाजी आबांना फोन लावला. आमच्या घरचा इंद्रायणी तांदूळ दरवर्षी त्यांच्याकडूनच येतो.

"आबा, रविवारी तुमच्या खाचरात भातलावणी आहे ना? आपण इरजिक करू. गावात सांगा, लिमये सरांनी इरजिक घातलीय!"

आबांनी पलीकडून खात्री करून घेतली.

"तुमी घालताय?"

"मीच!"

"समद्या गावाला सांगू?"

"एकूण एक माणसाला!"

"सर, आखाड चाललाय…"

"मग तर उत्तमच! परंपरेत काही कमी पडता कामा नये, आबा."

"न्हाई पडायचं," आबा गहिवरून म्हणाले. मला वाटलं, शहरातल्या माणसाला संस्कृतीची एवढी कदर बघून ते भारावले.

रविवारी मुलांची बस घेऊन वडिवळ्यात उतरलो, तर काय सांगू! गाव नुसता फुललेला. बाया डोक्यावर प्लॅस्टिकची खोळ घेऊन रोपांच्या मुठी बांधतायत, ट्रॅक्टर चिखलणी करतोय, एकजण हलगी तापवतोय. पाहुणेसुद्धा दिसत होते. आबांची कामशेतला दिलेली लेक जावयासकट आली होती!

"मुलांनो, बघा!" मी छाती फुगवून म्हणालो. "ही आपली संस्कृती!"

तेवढ्यात आबांच्या घरच्या विठाबाई मावशी लगबगीनं आल्या. "सर, चुली पेटवून ठिवल्यात. सामान मागनं टेम्पोत येतंय काय?"

"कसलं सामान?"

"जेवनाचं. मटनाचं."

मी हसलो. मावशी हसल्या नाहीत.

"मावशी, आमच्या मुलांनी डबे आणलेत."

"पोरांचं ऱ्हाऊ द्या. गावाचं काय? इरजिक कुनाची? तुमची. मग ज्याची इरजिक त्यानं जेवू घालायचं, ही रीतच हाय की! आन् आखाडात घातली म्हंजी वशाट आलंच."

माझ्या पायाखालचा चिखल सरकला. आमच्या घरात अंडंसुद्धा कधी उंबरठा ओलांडून आत आलेलं नाही!

"मावशी… वडापाव चालेल?"

मावशींनी माझ्याकडे असं पाहिलं की मी तो शब्द आयुष्यात परत उच्चारणार नाही. मागून आबा आले. त्यांचा चेहरा पडला होता.

"सर, तुमचं जाऊ द्या. तुमी उद्या लोनावळ्याला. पर खाचर माजं हाय. इरजिकीला बोलावून मानसं उपाशी धाडली, तर पुढल्या साली माज्या बांधावर कुनी पाय ठिवनार न्हाई. मी तर समद्यांना सांगितलंय, सरांनी हौसेनं घातलीया म्हून."

जालना एकवेळ परवडलं असतं. पण आबांचं ते तोंड बघवेना. शिवाय दुपारी मॅडम येणार होत्या, त्या वेगळ्याच!

"आबा, गैरसमज झाला. टेम्पो… म्हणजे मीच आणायला निघालोय!"

ओवी नावाची माझी विद्यार्थिनी स्कूटर घेऊन आली होती. तिच्या मागे बसून कामशेत गाठलं. आखाडातला रविवार! मटणाच्या दुकानापुढची रांग पार रस्त्यावर आलेली. माझ्या पुढे आमच्या सोसायटीतले जोशीकाका उभे होते. लोणावळ्याहून लोकलनं आले होते तरी हेल्मेट घालून. आम्ही दोघांनी एकमेकांना अजिबात ओळखलं नाही.

"काय देऊ?" दुकानदार म्हणाला.

"गावजेवण आहे. ताजं द्या. जून नको, कोवळं बघा. मोडून दाखवता का जरा?"

"सर, भेंडी नाही ती," ओवी पुटपुटली आणि मला बाजूला सारून तिनंच सगळी खरेदी केली. मी फक्त डोळे मिटून फोन पुढे धरला.

परत आलो तर खाचरात धमाल चाललेली! मुलं गुडघाभर चिखलात. गावातल्या बायांची रोपं ओळीत ताठ उभी, आमच्या मुलांची मात्र लग्नातल्या फोटोला जमलेल्या नातेवाईकांसारखी, जागा मिळेल तिथे. हलगी वाजत होती, पाऊस लागला होता आणि एरवी वर्गात शेवटच्या बाकावर झोपणारी पोरं गाण्याला कोरस देत होती. चुलीपाशी मावशींनी ओवीच्या मैत्रिणींना भाकरीला बसवलं. पहिली भाकरी थेट महाराष्ट्राच्या नकाशासारखी झाली, तिला कोकणपट्टीसुद्धा आली होती.

रश्शाला उकळी फुटली आणि नेमक्या मॅडम आल्या.

"लिमये, हे काय?"

मी एका हातात बादली, एका हातात पळी, पँट गुडघ्यापर्यंत वर, कपाळाला मसाला. खोटं बोलायचं बळच नव्हतं.

"मॅडम, मी इरजिक घातलीय," मी म्हणालो आणि वाढायला धावलो. "आबा, रस्सा? लाजू नका! जावईबापू, पीस घ्या!"

मॅडमनी चपला काढल्या. मग साडी सावरून पंगतीत बसल्या. दुसऱ्या भाकरीनंतर त्यांनी पदर खोचला. तिसरीनंतर त्या म्हणाल्या, "लिमये, एवढं प्रत्यक्ष शिक्षण मी कुठे पाहिलं नाही. तास तुमचेच! आणि दरवर्षी आखाडातच ठेवा."

आबांनी सगळ्या गावासमोर माझ्या डोक्यावर टोपी ठेवली. "लय मोटं मन हाय मास्तरांचं! आखाडात इरजिक घालावी तर ह्यांनी!" माझे डोळे भरून आले. रश्शाच्या वाफेनं नव्हे, खरंच आले. आयुष्यात एवढ्या माणसांना पोटभर जेवू घातल्याचं समाधान मला पहिल्यांदाच मिळालं होतं, आणि मी स्वतः दहीभात खाल्ला होता.

सत्राअखेर परीक्षा झाली. प्रश्न मीच काढला होता: इरजिक म्हणजे काय, ते स्पष्ट करा. जवळजवळ सगळ्यांनी एकच उत्तर लिहिलं: "इरजिक म्हणजे एकाच्या शेतात सगळ्यांनी काम करणे आणि नंतर लिमये सरांनी मटण वाढणे. लिमये सर नसल्यास इरजिक होत नाही."

लाल पेन उचललं, आणि परत खाली ठेवलं. पूर्ण गुण द्यावे लागले. माझ्या स्लाइडवर न मावलेलं वाक्य पोरांना तोंडपाठ होतं!