अर्धी मिशी

रिकाम्या खोलीत दिवा जळताना दिसला की जावयाचा जीव खालीवर व्हायचा. नकाशे काढणारा हा मनुष्य विजेचं बिल खाली आणायच्या मागे हात धुऊन लागला होता. कुणी फ्रिज उघडून विचार करत उभं राहिलं, की "आधी ठरवा, मग उघडा!" हे ठरलेलंच. बायको त्याला 'मेनस्विच' म्हणायची.

तिचे वडील निवृत्त बसचालक. आई गेल्यापासून एकटेच राहत. लेकीनं वर्षभर मनधरणी केली, तेव्हा कुठे "आठ दिवस राहून बघतो" म्हणत आले. माणूस अबोल, मिशी मात्र भारदस्त. वाहतूक पोलीससुद्धा त्या मिशीला वचकून असत.

चौथ्या दिवशी सकाळी जावई बाथरूमवरून जात होता. दार लोटलेलं, आत चिडीचूप. पाण्याचा थेंबही वाजत नव्हता.

"पुन्हा दिवा चालू! गीझरही!" असं पुटपुटत त्यानं बाहेरची दोन्ही बटणं खटाखट बंद केली आणि समाधानानं चहाला बसला.

दहा मिनिटांनी सासरे बाहेर आले. बायकोच्या हातातली बशी कलंडली.

"बाबा! मिशी?"

मिशीची डावी बाजू होती. उजवी नव्हती.

"उगाच वाढली होती," सासरे म्हणाले आणि शिंकले.

"अर्धीच?"

बायको नर्स. रोज पहाटेच कामावर जायची. आज सुट्टी म्हणून घरी होती. तिनं बटणांकडे पाहिलं, मग नवऱ्याकडे.

"अहो, बाबा आत दाढी करत होते!"

जावयानं चहाचा कप खाली ठेवला. "मला वाटलं, आत कुणी नाही. पण बाबा, हाक मारायची ना!"

"कशाला? रोजच जातो की दिवा," सासरे शांतपणे म्हणाले. "पहिल्या दिवशी जरा गोंधळलो. मग म्हटलं, तुमच्या घरचा नियम असेल. पाच मिनिटांत आंघोळ उरकायची. रोज प्रयत्न करतोय, पण वयामुळे हात चालत नाहीत भराभर."

म्हणजे चार दिवस हा म्हातारा अंधारात, गार पाण्यानं, चूक आपलीच समजून आंघोळ करत होता. जावयाला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. बायकोनं उठून दोन्ही बटणं पुन्हा चालू केली.

तो सासऱ्यांना न्हाव्याकडे घेऊन गेला. सासऱ्यांनी वाटभर तोंडावर रुमाल धरला होता.

"अरेरे! काका, कुणी केलं हे?" न्हाव्यानं विचारलं.

"माझाच हात थरथरला. हे जावई घेऊन आले मला," सासरे म्हणाले.

"तरी नशीबवान आहात. सासऱ्याला हाताला धरून आणणारे जावई आता मिळतात कुठे?"

जावई मान खाली घालून बसला. मग एकदम उठला. "हात थरथरला नाही त्यांचा. मी बाहेरून दिवा घालवला. चार दिवस घालवतोय."

दुकानातली सगळी गिऱ्हाइकं वळून बघायला लागली. न्हावी वस्तरा हातात धरून तसाच उभा राहिला. आरशात सासऱ्यांचा चेहरा पहिल्यांदाच खुलला.

"चला, बरं झालं," ते म्हणाले. "मी आज बॅग भरणार होतो. वाटलं, पाहुण्यानं आंघोळीला किती वेळ घ्यावा याचं भान मलाच नाही."