प्रति प्राणी चाळीस बिघे

"वासंती, सरकारी कागदाशी वाद घालू नये, त्याला हात जोडावेत," असं माझे सासरे सांगत. ते रेकॉर्ड ऑफिसात होते.

नानाखेड्याला आमच्या कॉलनीमागे थोडं बाभळीचं रान उरलं आहे. तिथे एक कोल्हीण पिलांसह राहते. चैत्रात ती दोनदा गेटाशी दिसली आणि सोसायटीने अर्ज केला : प्राणी हद्दीबाहेर फिरतो, कारवाई व्हावी. हद्द किती, हे मात्र कोणालाच ठाऊक नव्हतं.

ती ठरवायला वनखात्याचे मधुकर साहेब आले. समोरच्या घरातली शर्वरी कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवते. तिने वर्षभर मोजणी केली होती. कोल्हिणीचं थंडीत तीस बिघ्यांत भागतं, उन्हाळ्यात तीनशेही अपुरे पडतात. मुंगसाला चार पुरे, नीलगायीला पाचशे हवेत. अंग मोठं तर भूक मोठी, जवळ खायला मिळालं तर वणवण कमी, असं तिने सगळं समजावलं. साहेबांनी शांतपणे ऐकलं.

"बेटा, बात सही है. लेकिन फॉर्म में खाना एक ही है."

मग त्या एकाच रकान्यासाठी सरकारी सरासरी निघाली. प्रति प्राणी चाळीस बिघे, लहानमोठा भेद न करता. मंजूर क्षेत्र वापरत नाही म्हणून मुंगसाला नोटीस, अतिक्रमणाबद्दल नीलगायीला आणि कोल्हिणीला. तिन्ही बाभळीला चिकटवल्या. पंधरा दिवसांत कोणाचाच खुलासा आला नाही, तेव्हा आरोप मान्य असल्याची नोंद झाली. कोल्हिणीला पिंजऱ्यात धरून लांब सोडायचं ठरलं. पिलं अजून फिरत नव्हती. म्हणून त्यांचं क्षेत्र शून्य, म्हणून ती फायलीतच नव्हती. ती आईच्या दुधावर आहेत, आठवडाभरसुद्धा जगणार नाहीत, असं शर्वरी म्हणाली. दूध हा विषय दुसऱ्या विभागाचा निघाला.

हरकतींची सुनावणी सोमवारी सकाळी आठला सोसायटीच्या पार्किंगमध्येच ठेवली. सोमवारी पूजा होईपर्यंत माझं मौन असतं. पिंजरा नको म्हणून मी हातांनी नाही-नाही केलं.

"माताजी को आपत्ति नहीं," म्हणत साहेबांनी लिहून घेतलं. व्रत मोडावं असं वाटलं, मोडलं नाही. बाकीच्यांचं कसलंच व्रत नव्हतं. तेही बोलले नाहीत.

शर्वरी तेवढी बोलली. "पोट भरलं की प्रत्येक प्राण्याचा वावर आवळतो, काका. एकाचाच वाढतो. ही पार्किंगची भिंत गेल्या वर्षी कुठे होती?"

सगळे भिंत सोडून सगळीकडे पाहू लागले. साहेबांनी टिपलं : सदर प्राण्याचा शोध घेऊन नोटीस द्यावी.

दुपारी पूजा आटोपून मी शर्वरीकडे गेले. ती परीक्षेच्या कामाला इंदूरला निघाली होती, डोळे रडून लाल. त्या दिवसाचं माझं पहिलं वाक्य मी तिच्याशी बोलले : "पिंजऱ्याचं दार मी उघडीन."

ती नोटीस खरंच निघाली. 'संबंधित प्राणी' एवढंच लिहिलेलं, नावाची जागा कोरी. पहिल्या घराने ती शेजारच्या दाराखाली सरकवली, त्याने पुढच्या. आता माधव नगरही ओलांडून गेली म्हणे. तुमच्याकडे आली तेव्हा तुम्ही कोणाच्या दाराखाली सरकवलीत?

काल संध्याकाळी पिंजरा लागला. आज उजाडता कोल्हीण त्यात आहे आणि दहाला गाडी येणार आहे. पिलांचं केकाटणं आमच्या देवघरापर्यंत येतं. दिवा लावला, पदर खोचला, मागची कडी आवाज न करता काढली आणि अनवाणीच रानाकडे निघाले.