दाराला दार

आमच्या समोरच्या घरातले बसप्पा अप्पा रोज सकाळी दार उघडतात, उंबऱ्यात उभे राहतात आणि सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असं ओरडतात, "हाय मी!"

त्यावर आमची आई हातातलं काम न सोडता आतूनच ओरडते, "बरं हाय!"

एवढंच. मग अप्पा आत जाऊन कपाळाला विभूती लावतात.

मी नांदेडला कॉलेजात शिकते, लातूरला घरी सुट्टीतच येते. या उन्हाळ्यात हे ओरडणं पहिल्यांदा ऐकलं तेव्हा आईला विचारलं. ती म्हणाली, "घसाच तसा हाय त्यांचा. जुनी सवय." मला ते पटलं. अप्पा पालिकेत नळ सोडायला होते. "पाणी आलं होऽ" म्हणून अख्ख्या वसाहतीला उठवत आलेला माणूस निवृत्त झाल्यावर काहीतरी ओरडणारच.

अप्पा दिवसा दार लावत नाहीत. उंबऱ्याजवळ खुर्ची टाकून बसतात आणि आमच्या घराकडे बघत राहतात. "आज मेथी हाय वाटतं," असं तिथूनच सांगतात. ते कधी चुकत नाहीत, आणि वाटी दिली तर घेतही नाहीत. "मी फकत इचारून राहिलो," म्हणतात. त्यांची बायको वारली, मुलगा पुण्याला. मला ते 'वकील' म्हणतात. मी कायदा शिकत नाही, समाजकार्य शिकते, हे मी सांगून पाहिलं. "तेच ते," म्हणाले.

आमची वसाहत पालिकेची आहे, जुनी. छताचे पोपडे पडतात. आई जिथं बसून भाकरी थापते तिथंच परवा भलामोठा तुकडा पडला. ती पाणी आणायला उठली होती म्हणून वाचली. तेव्हापासून घरात असताना आमचे सगळ्यांचे डोळे वरच असतात.

ही घरं पाडून नवी इमारत बांधायचं पालिकेनं ठरवलं, पण राहणाऱ्यांना विचारून. विचारायचं काम एका संस्थेकडे आलं आणि संस्थेनं मला मदतीला घेतलं. मला चारचौघांत बोलायला जमत नाही, तरी हो म्हटलं. आमच्या गल्लीतल्या सगळ्यांची संमती येत्या रविवारपर्यंत हवी होती. नाहीतर काम दुसऱ्या वसाहतीला जाणार होतं.

सगळ्यांनी सह्या केल्या. अप्पा सोडून.

प्रत्येक बैठकीत ते एकच विचारायचे, "दारासमोर काय हाय?"

संस्थेच्या आर्किटेक्ट स्मिताताई नकाशा दाखवून समजावायच्या, "अप्पा, सगळी दारं एका बाजूला, समोर लांब भिंत. छान रंग देऊ."

"भितीकडं काय बघत बसू?"

"वास्तूचं काही आहे का?"

"हाव, वास्तूच."

ताईंनी दिशा बदलून दाखवली तर म्हणाले, वास्तू न्हाई, वारं. वाऱ्यासाठी खिडकी दाखवली तर म्हणाले, उजेड. दर बैठकीला कारण वेगळं, मागणी मात्र तीच. दाराला दार पाहिजे. लोक चिडायला लागले. कोणी म्हणे जास्तीची खोली पाहिजे असेल, कोणी म्हणे मुलानं शिकवलं असेल. आई मात्र अशा वेळी उठून बाहेर जायची. मला वाटायचं, तीही चिडली असेल.

रविवार आला. नकाशा लोकांना कळत नाही म्हणून स्मिताताईंनी टाकीजवळच्या मैदानावर फक्कीनं खऱ्या मापाची घरं आखली. पांढऱ्या रेषा म्हणजे भिंती, रेष तुटली तिथं दार. लोक आपापल्या घरांत शिरले. थोड्या वेळानं सगळ्यांना ते खरंच वाटायला लागलं. शेजारच्या रुक्साना चाची सरळ रेष ओलांडून आमच्या स्वयंपाकघरात आल्या, तेव्हा आईनं त्यांना परत पाठवलं. "चाची, भितीतून आलाव! दारातून या की." चाची निमूट परत गेल्या आणि वळसा घालून दारातून आल्या.

मी कागद घेऊन अप्पांपुढे उभी राहिले. "अप्पा, आजचाच दिवस आहे."

"दारासमोर भितच हाय ना? मग न्हाई."

चाचींचा आवाज चढला. "क्या लगाके रखे तुम, अप्पा? तुम्हारे दरवाजे के वास्ते हमारे सर पे छत गिरना क्या?"

मागून कोणीतरी ओरडलं, "उचला ह्यांना!" दोघं-तिघं पुढं आले.

"अप्पा, सांगू का मी?" आई म्हणाली.

"नको, आक्का."

अप्पांनी आपली खुर्ची उचलली, वळसा घालून दारातून आमच्या शेजारीच आखलेल्या आपल्या फक्कीच्या घरात नेली आणि मधोमध ठेवून बसले. मग म्हणाले, "आक्का, तुमच्या दारात उभ्या ऱ्हावा."

आई जाऊन आमच्या दारात उभी राहिली.

"दिसून राहिलो का मी?"

मैदान उघडं होतं. दोघांच्या मध्ये फक्त पांढरी रेष होती. आईनं त्यांच्याकडे नीट पाहिलं.

"न्हाई, अप्पा. न्हाई दिसत."

मग अप्पाच बोलले, मान खाली घालून.

"थंडीत मोरीत पडलो होतो. उठता येईना. लई ओरडलो. आक्कानं बघितलं, दार कामून उघडलं न्हाई, म्हणून त्या आल्या. म्या शपथ घातली, कुणाला सांगू नका. लेकाला कळलं तर पुण्याला नेऊन ठेवील. तिथं चौथ्या मजल्यावर कोण बघतंय?"

पुढं आलेले लोक मागं सरकले. स्मिताताई खाली बसल्या. जिना मध्ये घेतला तर दारं समोरासमोर येतील, पण प्रत्येकाची पुढची खोली थोडी लहान होईल, म्हणाल्या. वरून मंजुरीही घ्यावी लागेल.

"कित्ता छोटा?" चाचींनी विचारलं. ताईंनी रेष आत सरकवून दाखवली. चाची त्या खोलीत एकदा फिरल्या, पदर सावरला आणि म्हणाल्या, "चलता."

आईनं मधली भिंत पायानं पुसून टाकली. ताईंनी नवी दारं आखली. अप्पांनी खुर्ची ओढत नव्या दाराशी आणली.

"वकील, आण तो कागद."

"मंजुरी नाही आली तर, अप्पा?"

"तर परत भांडू. तवर तुमचं छत पडायला लागलं तर माझ्याकडं झोपा. मी बाहेर बाज टाकतो."

सही करून त्यांनी कागद माझ्याकडे दिला. समोरच्या नव्या दारात आई येऊन उभी राहिली होती.

"आक्का, आज काय भाजी?"

"अजून चूल मांडायची हाय, अप्पा."

"मांडा सावकाश," अप्पा म्हणाले, अगदी हळू. "मी हाय."