थकल्या घरपट्टीची व चोरदिंडीच्या नायकीची हकीकत

श्रीशंभू सहाय. लिहिणाराचे नाव पुसो नये. वर्तमान जाहले ते ऐसे. शके सोळाशें सत्तर, विभवनाम संवत्सरी, समुद्राकाठी एक राज्य होते आणि राज्यास एक जलदुर्ग होता आणि दुर्गास एक चोरदिंडी, म्हणजे तटातील गुप्त दरवाजा, होती. ती कोठे, हे महाराजांस, दिवाण सखोपंतांस आणि दिंडीच्या नायकास मात्र ठाऊक. तो नायक वृद्ध होऊन कैलासवासी जाहला. मग त्याचे जागी कोण, ऐसा विचार पडला आणि सर्वांचे मुखी एकच नाव आले, रायाजी दळवी. मर्द माणूस, बुरुजाचे लढाईत खांद्यावर वार झेलून निशाण राखिले. परंतु शौक मोठा. भरजरी पागोटे, अबलख घोडी, आठवड्यास मेजवानी. आणि घरपट्टी तीन साले थकली. चावडीवरून जावे तर वसुलीचा कमाविसदार हाक मारील, म्हणोन मागील निवडुंगातून जात. सगुणाबाई, त्यांचे कुटुंब, बोलिली, "शत्रूस पाठ दाविली नाहीत, आणि कमाविसदारास दाविता?" रायाजी हसले आणि निवडुंगातूनच गेले.

मग दिवाणांनी चौकशी करोन बोलावून आणिले आणि म्हणाले, "दळवी, नायकी तुम्हांस मिळत नाही."

रायाजी संतापले. "या खांद्यास विचारा! माझे इमानाचा शक?"

"इमानाचा नव्हे, अडचणीचा. ज्याचे मानेवर देणे, त्याची मान कोणीही वळवू पाहतो. आणि जो सरकारचेच देणे चुकवून हिंडतो, त्यास सरकारचे गुपित कैसे द्यावे?"

रायाजी फणफणत घरी आले. आठ दिवसांत एक परमुलखी सौदागर घोडी पाहावयास आला, विडा दिधला आणि गोड बोलिला, "पट्टी आम्ही भरितो. नायकीही मिळेल. मग दिंडी कोणीकडे, एवढेच हळूच सांगावे." रायाजींनी विडा खाली ठेविला. क्षणभर मनात आले, पट्टी फिटेल, अब्रू राहील. आणि त्या क्षणाचीच त्यांस मोठी लाज वाटली. मग सौदागरास गचांडी धरोन थेट दिवाणांपुढे उभा केला आणि घडले ते सर्व सांगितले, मनात आले तेंही सांगितले.

सौदागर बेडीत पडला. रायाजी म्हणाले, "आता तरी नायकी?"

"आधी पट्टी," दिवाण म्हणाले.

मग घोडी विकिली, मेजवान्या बंद जाहल्या, उरले त्याचे हप्ते कमाविसदारापुढे बसोन ठरविले आणि एकही न चुकविता भरिले. सगुणाबाई भाकरी वाढिताना गाणे म्हणो लागली. पुढील साली महाराजांनी भर दरबारी नायकीची वस्त्रे दिधली आणि सहज पुसिले, "बाकी मंडळींची पट्टी चुकती आहे ना?" तों दरबारास एकाएकी खोकला जाहला. दुसरे दिवशी उजाडता चावडीपुढे पालख्यांची रांग लागली, आणि पहिली पालखी दिवाण सखोपंतांची.

येणेंप्रमाणे राज्याचे गुपित शाबूत राहिले आणि खजिनाही भरला. सारांश, शूर तो खरा. परंतु ज्यास कोणी विकत घेऊ न शके, त्याचे हाती दिंडी द्यावी. इति.