सूर्यपेटीचे अनावरण

सूर्यावर स्वयंपाक करण्याचा निर्णय मी वाचनालयात वर्तमानपत्र वाचता वाचता घेतला आणि तेथेच जाहीरही केला. (निर्णय पोटात ठेवण्याची सवय मला नाही.) चौऱ्याहत्तर सालचा तो उन्हाळा. जगभर तेल महागले होते. आमच्या पेठेत रॉकेलच्या दुकानापुढे डबे उन्हात रांगेने उभे आणि त्यांचे मालक सावलीत, असे दृश्य रोजचे झाले होते.

"जो सूर्य सोलापूरकरांना भाजून काढतो," मी म्हणालो, "त्याला वाटीभर डाळ शिजवता येऊ नये काय? आजपासून माझ्या घरी स्टोव्ह पेटणार नाही."

माझे शालेय शिक्षण चौथीपर्यंतचे. पुढील सर्व शिक्षण मी याच वाचनालयात घेतले. त्यामुळे सूर्यपेटीची कृती एका मासिकात सापडताच मी ती तंतोतंत अमलात आणली. पत्र्याची पेटी, आतून काळा रंग, वर नवी पेठेतून आणलेल्या दोन काचा आणि झाकणाला आरसा. पहिल्याच प्रयोगात भात शिजला! तो मी वाचनालयाच्या सभासदांना चमच्याचमच्याने वाटला आणि त्याच उत्साहाच्या भरात घरातील रॉकेलचा भरलेला डबा शेजारच्या खातूनबींना देऊन टाकला.

"डबा दिलासा ते बरं केलंसा," आमची सौ. सुंदरम्मा म्हणाली. "पर उद्या ढग आलं मंजे?"

"मे महिन्यात? सोलापुरात?" मी विचारले. तिची शंका मी अशी कायमची मिटवली. (तेव्हा मला तसे वाटले.)

त्याच आठवड्यात मंगळवेढ्याहून निरोप आला. आमच्या महादेवीला ज्यांच्या घरी द्यावयाचे घाटत होते ते शरणप्पा रविवारी जेवावयास येणार होते. घर पाहून, जेवून, मगच शेवटचा शब्द द्यावयाचा असा त्यांचा विचार होता. सौ.ने तेवढ्या दिवसापुरता स्टोव्ह पेटवण्याची परवानगी मागितली. मी ती तत्त्वासाठी नाकारली.

"पावणं घर बघाय येत्यात, पेटी न्हाय," ती म्हणाली. "डाळ कच्ची ऱ्हायली तर पोरगी बी घरातच ऱ्हाईल. मग बसा दोघं बी उनात."

रविवारी ऊन असे कडक पडले की माझे अंतःकरण भरून आले. गच्चीवर तुरीची डाळ पेटीत ठेवली. आरसा फिरवताना त्याची तिरीप समोरच्या खिडकीत गेली आणि दाढी करीत असलेले हुसेनसाब गालाला साबण तसाच ठेवून माझ्याशी काही बोलले. ते मी शास्त्रासाठी सहन केले. एवढे सर्व जुळून आले असताना मला एक उणीव जाणवली. इतक्या महत्त्वाच्या यंत्राचे रीतसर अनावरण झालेले नव्हते. ते शरणप्पांच्या हस्ते व्हावे, वाचनालयाचे सभासद साक्षीला असावेत, हे मी तत्काळ ठरवले. अनावरणाला आवरण हवे. पाहुण्यांच्या सन्मानासाठी आणलेली जाडजूड, नवी कोरी सोलापुरी चादर मी पेटीवर नीट चारी बाजूंनी घातली.

पाहुण्यांची एस.टी. आता येईलच, अशी माझी खात्री होती. ती बराच वेळ आली नाही. मधे सौ.ने जिन्यातून पेटीची चौकशी केली. पेटी सुरक्षित असून कावळासुद्धा तिला शिवू शकणार नाही, असे मी सांगितले. तिने जिन्यातूनच चादरीकडे पाहिले आणि रिकामी बाटली घेऊन ती खातूनबींकडे गेली. (ती बाटली कशासाठी, हे विचारावयास मला सवड नव्हती. मी भाषण पाठ करीत होतो.)

अखेर शरणप्पा आले. गच्चीवर माझे भाषण झाले. सूर्याची अखंड शक्ती, खनिज तेलाचा मर्यादित साठा, सर्व मुद्दे झाले. खाली कोठेतरी स्टोव्ह भरभरत असल्याचा भास झाला, म्हणून मी आवाज चढवला. टाळ्यांच्या गजरात शरणप्पांनी चादर ओढली आणि चटका बसल्यासारखा हात झटकला. मी झाकण उघडले.

डाळ जशी ठेवली तशीच पाण्याच्या तळाशी बसून होती. दाणा न् दाणा मोजून घ्यावा इतकी अखंड.

सूर्याने सकाळभर केलेली मेहनत कोणाच्या अंगी लागली, हे मला त्या क्षणी उमगले. सभासद माझ्याकडे पाहत होते. शरणप्पाही पाहत होते. मुलीचे लग्न त्या पातेल्यात बुडताना दिसू लागले तेव्हा मला कार्यक्रमातील पुढचे तेवढे कलम आठवले: मी ती चादर उचलली आणि भर दुपारी शरणप्पांच्या खांद्यांवर पांघरली.

मानाची चादर लगेच उतरवणे म्हणजे देणाऱ्याचा अपमान. शरणप्पा जुन्या रीतीचे गृहस्थ. ते ती पांघरूनच खाली उतरले आणि पांघरूनच पाटावर बसले. सौ.ने कडक भाकरी, शेंगाची चटणी आणि वाफाळलेली आमटी वाढली. आमटीला नव्हे, पण स्वयंपाकघराला रॉकेलचा वास स्पष्ट येत होता. मी तो घेतला नाही.

जेवण उरकून, हात धुऊन, कपाळावरून ओघळणारा घाम निपटत शरणप्पा माझ्याकडे वळले. घरातली सगळी माणसे दाराआड कान लावून उभी होती.

"पोरगी पसंत हाय, ईश्वरप्पा," ते म्हणाले. "वैनींच्या हाताला बी लई चव हाय. फकस्त ही चादर आता काडू द्या. डाळीचं ऱ्हाऊ द्या, पर ही मातूर पार शिजलीया."