घरांत काय बोलतां?

भुजंगराव परक्या माणसाला नाव विचारत नाहीत, गाव विचारत नाहीत. ते एकच प्रश्न विचारतात: "घरांत काय बोलतां?" उत्तर 'तमिळ' आले, तर वैद्याचे औषधसुद्धा फळीवर पडून राहते. 'मराठी' आले, तर कपाटाची किल्ली बाहेर येते.

पिढ्यान् पिढ्या कुंभकोणमला राहिलेल्या आम्हां मराठी मंडळींत या प्रश्नाला एके काळी अर्थ होता, हे मी मान्य करतो. बाहेर तमिळ, उंबऱ्याच्या आत मराठी. या गावात जो मराठी बोलतो तो सोयरा तरी असतो, किंवा सोयरा होता होता राहिलेला. परंतु परंपरा म्हणजे पुरावा नव्हे. हे मी त्यांना वारंवार, एकदा तर लेखी, कळवलेले आहे.

माझी सारी नोकरी पुण्यास एका कार्यालयाच्या विधी खात्यात गेली, म्हणून माझी मराठी ही अशी छापील. "नोटिशीची मराठी हो तुमची, वेंकटराव," भुजंगराव म्हणतात. "ऐकतांना अंगावर शिक्का मारल्यासारखें होतें." त्यांचे पितळी भांड्यांचे दुकान होते. टिचकी मारून, आवाजावरून, ते भांड्यातली चीर ओळखत. अशा मनुष्याने अखेर कोठे फसावे, तर मोबाइल फोनमध्ये.

कंपनीने फोनमध्ये आधीच घालून दिलेली काही ॲप पुसता येत नाहीत, ही त्यांची तक्रार. "फोन माझा, आणि आंतले भाडेकरू हलत नाहींत! हा कुठला न्याय?" तक्रार रास्त होती. मी कंपनीला पत्र लिहिण्यास बसलो. माझा मसुदा पुरा होण्यापूर्वीच त्यांनी 'रूट' करणारे एक सॉफ्टवेअर इंटरनेटवरून उतरवून घेतले. रूट करणे म्हणजे कंपनीने कुलूपबंद ठेवलेला अधिकार परस्पर हाती घेणे. वाड्याच्या मालकाने कुलपे बदलावीत तसे. फरक इतकाच, की येथे कुलूपवाला कोण हे कोणालाच ठाऊक नव्हते.

परिणाम असा: भाडेकरू होते तेथेच राहिले, बँकेच्या ॲपने 'हा फोन विश्वासास पात्र नाही' असे सांगून दार लावले, आणि भुजंगरावांच्या नावाने साऱ्या परिचितांना संदेश गेले. मला आलेला असा: 'प्रिय ग्राहक, तात्काळ कर्ज हवे काय?'

मी तरातरा त्यांच्या तिण्णैवर, म्हणजे ओट्यावर, जाऊन उभा राहिलो. "अहो, कोणाच्या भरवशावर हे केलेत?"

"मराठींत लिहिलें होतें की! आपला माणूस लबाड कां बोलंल?"

त्यांनी मला त्या सॉफ्टवेअरच्या पानावरचा एक अभिप्राय दाखवला. शब्दशः असा: 'हे साधन फार विश्वासू आहे. माझे दूरध्वनी आता आनंदी आहेत. धन्यवाद मित्र.' वर पाच तारे. त्याच्याच खाली कोणी तमिळमध्ये आक्रोश केला होता, की माझा फोन विटेसारखा निकामी पडला आहे. तो भुजंगरावांनी वाचलाही होता. पण तो तमिळमध्ये होता.

"भुजंगराव, हे यंत्राने केलेले भाषांतर आहे! 'दूरध्वनी आनंदी आहेत' असे कोणता मराठी माणूस म्हणेल?"

"मज वाटलें, तिकडची बोली असंल. तुमचीही अशीच की."

मी तडक घरी येऊन लिहायला बसलो. सॉफ्टवेअर करणाऱ्याचा पत्ता नमूद नाही. ज्यास मुक्काम नाही त्याच्यावर नोटीस बजावावी कोठे? म्हणून ते पान ठेवणाऱ्या संकेतस्थळास मी सविस्तर तक्रार पाठवली. आयुष्यभर मी पत्रे लिहीत आलो. पोच येते, न्याय येत नाही. यावेळी मात्र ते पान अभिप्रायांसकट काढून टाकल्याचे उत्तर आले.

मी छत्री न घेता, भर उन्हात, ते उत्तर दाखवायला गेलो. भुजंगराव फोन मांडीवर ठेवून बसले होते.

"पान दिसत नाहीं हो, सकाळपासून."

"दिसणार नाही! मी काढायला लावले!"

त्यांनी फोन मांडीवरच पालथा घातला. मग म्हणाले, "मी तिथें रोज कांहीं लिहायचों. आज फणसाची भाजी केली. आज गुडघा दुखतो. लगेच उत्तर यायचें, 'आपल्या अभिप्रायाबद्दल आभारी आहोत. आपला दिवस शुभ जावो.'"

"ते यंत्र होते, भुजंगराव."

"ठाऊक आहे की. भांडें फुटकें आहे हें मज कळतें, वेंकटराव. पण मराठींत म्हणायचें. गोदाक्का गेल्यापासून ह्या घरांत मराठींत कोणी कांहीं म्हणत नाहीं."

गोदाक्का त्यांची थोरली बहीण. दोघे दिवसभर भांडत, आणि सारी आळी ते मराठी ऐके.

मी संकेतस्थळाचे उत्तर घडी घालून खिशात ठेवले. तक्रार मागे घेण्याची तरतूद त्यात नव्हती. सांत्वनाचे एखादे वाक्य मी मनात जुळवू लागलो. प्रत्येकाची सुरुवात 'उपरोक्त विषयास अनुसरून' अशी होत होती.

तेवढ्यात त्यांनी मान वर केली आणि जो प्रश्न इतक्या वर्षांत मला कधी विचारला नव्हता तो विचारला.

"वेंकटराव, तुमच्या घरांत आतां काय बोलतात?"

आमच्या घरात सून तमिळ बोलते, मुलगा आणि नातवंडे इंग्रजी बोलतात, आणि मी अर्ज लिहितो. मी उभाच होतो. भुजंगरावांनी सरकून तिण्णैवर मला जागा करून दिली.